उंबऱ्यातले खिळे

“बाई, खिळा ठोकू नका. पाया पडतो तुमच्या.”

विजयमाला ऑपरेशनच्या टेबलावर पाय खाली सोडून बसली होती, माझ्याकडे पाठ करून. सिस्टर मार्थानं तिचे खांदे धरून तिला पुढं वाकवलं होतं. मी तिच्या कमरेवर औषध लावून, मणक्याची जागा बोटानं चाचपून, सुई हातात घेतली होती. पाठीतल्या भुलीची सुई लांब असते, पण बारीक. तिला खिळा म्हणणारी बाई मला तोवर भेटली नव्हती.

“अगं, खिळा कुठला? मुंगी चावल्यासारखं होईल,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं, की झोपेतही म्हटलं असतं.

“माझ्या आत्तीला ठोकला हुता,” ती म्हणाली. “मेल्यावर.”

मार्थानं माझ्याकडे बघितलं. पलीकडे डॉ. हुद्दार कोपरापर्यंत हात धूत होते. त्यांनी नळ बंद न करताच विचारलं, “मीनाक्षीबाई, झालं का? पोर आडवं आहे, पाणी केव्हाच गेलंय. गप्पा नंतर मारा.”

हिरण्यकेशीच्या काठच्या त्या गावात तेव्हा भूल देणारी मी एकटीच होते. एक काळी बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडायचे. कापणाऱ्याचं नाव होतं. भूल देणाऱ्याचं नाव निघतं ते फक्त काही बिघडलं तर. म्हणून मी चौकस झाले होते. हुद्दार मला ‘फौजदारीणबाई’ म्हणत. या मुलीच्या वडिलांनाही मी सकाळी नेहमीचे प्रश्न विचारले होते: घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, दात काढल्यावर, जखम झाल्यावर? “न्हाई,” त्यांनी माझा प्रश्न संपायच्या आत सांगितलं होतं. रक्ताचा रिपोर्टही ठीक होता.

“आत्ती कशानं गेली गं?” मी विचारलं.

“बाळतपणात.” तिला कळ आली, ती थांबली, मग दम घेऊन म्हणाली, “पर ते आमच्या घरातलं हाय, बाई. घराचाच दोष. म्हणून तर बाबानी मला घरात न्हेलंच न्हाई. उंबऱ्याला पाय लावू दिला न्हाई. आता मला काय हुईत न्हाई न्हवं?”

मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

“काय झालं?” हुद्दार.

“दोन मिनिटं द्या मला.”

“पोराला विचारा, देतंय का.”

“तुम्ही हात धुवा हो. स्वच्छता कुणाला नडली नाही,” मी म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर विजयमालाची सासू आनसाबाई पाय वर घेऊन बसली होती. मला बघून ती उठली नाही, फक्त तिनं तोंड सुरू केलं. “झालं काय, बाई? न्हाई? मी सांगतो तुम्हास्नी, हे असं उलटं वागल्यावर दुसरं काय हुनार? पयलं बाळतपण म्हायारी असतंय. जगाची रीत हाय. पर आमच्या इवायानी लेकीला सातव्यात न्ह्यायला यायचं सोडून वर सांगावा धाडला, की तुमीच करा. माझ्या पोराला वाटलं, म्हातारा कंजूष हाय.”

इवाई म्हणजे तातोबा चौगुले, विजयमालाचे वडील. आंबेमाळ गावात त्यांचं गुऱ्हाळ होतं. उंच, वाळकुडा माणूस. भिंतीला टेकून उभा होता आणि डावा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला होता. सकाळीही तो तसाच होता, हे मला आता आठवलं.

“तातोबा, तुमच्या उंबऱ्यात खिळे आहेत का?”

आनसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. तातोबांनी खाली बघितलं.

त्या भागात राहून मला रीत ऐकून ठाऊक होती. बाळंतपणात बाई दगावली की ती अळवंतीण होते, असं मानत. तिचा जीव पोरात अडकलेला असतो, ती घराकडं परत येते. म्हणून तिला नेलं की मागं उंबऱ्यात खिळा ठोकायचा, म्हणजे तिला तो ओलांडता येत नाही. तिचं नाव पुढं घरात कुणी घेत नाही. नाव न घेतलेल्या बायका मग डॉक्टरच्या प्रश्नाच्या उत्तरातही येत नाहीत. सकाळी तातोबा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबी त्या बायका रक्तानं गेल्याच नव्हत्या, उंबऱ्यानं गेल्या होत्या. आणि उंबरा टाळला की लेक वाचली, असा त्यांचा साधा हिशेब होता.

“हायती,” ते म्हणाले. “तीन.”

“कुणाकुणाचे?”

“बाई, हितं नगं. आत लेक हाय माझी.”

“तिच्यासाठीच विचारते. कुणाचे?”

“एक आज्जाच्या भणीचा. एक माझ्या आत्तीचा.” त्यांनी हाताभोवतीचा सोगा आवळला. “एक आक्काचा.”

“तिघी या घरच्या लेकी? सून एकही नाही?”

त्यांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. “न्हाई. सुना समद्या सुटल्या. माझी आई सातदा बाळतीण झाली, तिला काय झालं न्हाई. माझी बायकू आता ह्या उन्हाळ्यात गेली, ती तापानं. लेकीच तेवढ्या ऱ्हात न्हाईत. म्हायारी आल्या की घर त्यास्नी गिळतंय.”

सुना परक्या घरातून येतात. लेकी त्या घराच्या रक्ताच्या असतात.

“तुमच्या हाताला काय झालंय?”

“कुठं काय?”

“दाखवा.”

आनसाबाईच पुढं झाली आणि तिनं सोगा ओढला. डाव्या हाताचा अंगठा चेचून वाकडा झालेला होता. जखम फार जुनी होती. नख उगवलंच नव्हतं.

“हातोडा लागला हुता,” तातोबा म्हणाले. “खिळा ठोकताना. आक्काचा.”

“तुम्ही ठोकलात?”

“भावानंच ठोकायचा असतोय.” आवाज अगदी खाली गेला. “मिसरूड फुटलं नव्हतं मला. हात थरथरत हुता. दुसऱ्याच घावाला अंगठा गावला. रगात थांबंना बाई. हळद भरली, चुना भरला, कापड जाळून भरलं. झोपलो की वाकळ भिजायची. लोक म्हणाले, आक्कानं हात धरलाय, सोडत न्हाई. लई दिसांनी सोडला. त्याच्यानंतर मी हातोडा हातात घेतला न्हाई.”

मी त्यांना बाकावर बसवलं, बॅगेतून एक सुई काढली आणि त्यांच्या कानाच्या पाळीला टोचली. साध्या माणसाचं रक्त अशा टोचण्यानं दोन-चार वेळा टिपलं की थांबतं. मी टिपत राहिले. कापसाचा एक बोळा लाल झाला, दुसरा झाला. थेंब आपला फुगतोय आणि ओघळतोय. आनसाबाईनं पदर तोंडाला लावला.

“ह्यो बी आक्कानं धरला?” तिनं हळूच विचारलं.

मी कापूस दाबून धरायला तिच्या हातात दिला आणि आत गेले.

“हुद्दार, पाठीत टोचणार नाही. पूर्ण भूल देते.”

“भरल्या पोटी? उलटी होऊन छातीत गेली तर?”

“आणि मणक्यात रक्त साचून हिचे दोन्ही पाय गेले तर? ह्या घराण्यात रक्त थांबत नाही. बापाचा कान अजून वाहतोय.”

“रिपोर्ट तर बरा आहे.”

“गरोदरपणात बरा दिसतो काही जणींचा. मूल झालं की उतरतो.”

इकडे आड, तिकडे विहीर. पाठीतली भूल म्हणजे सुई जाते त्या बंद जागेत रक्त झिरपायची भीती. झिरपलं की मज्जारज्जू दाबला जातो आणि बाई उठून बसत नाही. पूर्ण भूल म्हणजे घशात नळी, आणि नळीनं घसा खरचटला तर तिथूनही रक्त. मोठ्या शहरात पाठवावं, तर आडवं मूल रस्त्यातच पोट फाडेल. हुद्दार माणूस तिरसट, पण हट्टी नव्हते. त्यांनी एकदा विजयमालाकडे बघितलं आणि म्हणाले, “रक्त?”

“जीप कोल्हापूरला पाठवा, रक्तपेढीत गोठवलेला प्लाझ्मा मिळेल. तोवर गट बघून ताजं रक्त काढू. नवऱ्याचं, दिराचं. सासरच्या माणसांचंच.”

हे बोलणं दाराबाहेर गेलं असावं, कारण तातोबा दारात आले. कानाला कापूस, बाही कोपराच्या वर सारलेली. “माझं घ्या. बाप हाय मी.”

“तुमचं नको, तातोबा.”

“का? मी धडधाकट हाय.”

“तुमचं नको,” मी पुन्हा म्हणाले. समजावत बसायला वेळ नव्हता. ते तसेच उघड्या दंडानं उभे राहिले. बापाला ‘तुझं रक्त चालत नाही’ असं सांगितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा बघितलं. नंतर विसरायचा प्रयत्न करूनही ते जमलं नाही.

विजयमालाला आम्ही आडवं केलं. उजवी कूस थोडी उंच. मी तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरला.

“पाठीत न्हाई न्हवं ठोकणार?” मुखवट्याच्या आतून ती म्हणाली.

“नाही. झोपवते तुला. उठशील तेव्हा मूल कुशीत असेल.”

“उठीन न्हवं?”

“मी उठवल्याशिवाय घरी जात नाही. विचार ह्या मार्थाला.”

ती थोडी हसली. मी शिरेत औषध सोडायला लागले. तिचे डोळे जड झाले, आणि मिटता मिटता ते माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे गेले. एकदम ओळखीचं माणूस दिसावं तशी तिची नजर झाली. अगदी स्पष्ट आवाजात ती म्हणाली, “आत्ती भाईर का उभी?”

आणि झोपली.

ती जन्मायच्या कितीतरी आधी तिची आत्या गेली होती. घरात त्या बाईचा फोटो नव्हता, नावसुद्धा नव्हतं. मार्थानं वळून दाराकडे बघितलं आणि गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. मी बघितलं नाही. नळी घालायची होती, बघायला वेळ नव्हता. विचारणाऱ्याला मी आजही हेच सांगते.

नळी मी आयुष्यात इतक्या हळुवार हातानं कधी घातली नसेल. हुद्दारांनी मूल काढलं. मुलगी. आधी निळी, मग लाल, मग तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. आणि त्यानंतर ज्याची भीती होती ते सुरू झालं. मोठा लोट नव्हता, नुसतं झिरपत राहणं. जिथं टाका घालावा त्याच्या शेजारून, जिथं दाबून धरावं त्याच्या खालून. हुद्दारांची बडबड बंद झाली. मी तिची नाडी धरून बसले होते आणि ती नाडी माझ्या बोटाखाली बारीक बारीक होत चालली होती. भैरूची, म्हणजे तिच्या नवऱ्याची बाटली गेली, दिराची गेली. मार्था पुटपुटत होती, ती प्रार्थना होती की टाके मोजणं, मला कळलं नाही. जीप आली तेव्हा हुद्दारांनी वर न बघता नुसतं “देव पावला” म्हटलं. प्लाझ्मा चढला आणि हळूहळू, सांज व्हायच्या सुमाराला, ते झिरपणं मंदावलं.

मी तिला उठवलं. शब्द दिला होता.

तिला घरी सोडायची मी घाई करू दिली नाही. गरोदरपणात वर चढलेला रक्त गोठण्याचा गुण मूल झाल्यावर खाली येतो, आणि तेव्हा पुन्हा धोका असतो. बारसं घरी करायचं म्हणून भैरू बैलगाडी जुंपून दारात आला, तर आनसाबाईच त्याच्यावर खेकसली. “गाडी फिरीव मागं. बाई म्हणतील तवाच माझी सून हितनं हालंल.” आणि बरं झालं. कारण पुढच्याच आठवड्यात एका दुपारी तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. बाटली तयार होती, प्लाझ्मा आणवून ठेवला होता. आंबेमाळातल्या माजघरात असती, तर चौथा खिळा लागला असता.

बापलेकीचं रक्त मी मुंबईला तपासायला पाठवलं होतं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. रक्त गोठवणारा एक घटक दोघांतही जन्मापासून कमी होता. आजाराला एका परदेशी डॉक्टरचं नाव होतं, ते तातोबांना सांगून उपयोग नव्हता. दवाखान्यामागं कडुनिंबाच्या पारावर ते बसले होते, तिथं मी गेले. चांगली बातमी आहे अशाच तोऱ्यात गेले. म्हातारा आयुष्यभर भुताच्या धाकात जगला, आज त्याच्या मानेवरचं भूत उतरवायचं, असं मनात होतं.

“तातोबा, घराचा काही दोष नाही. उंबऱ्याचाही नाही. तुमच्या घराण्याचं रक्तच लवकर थांबत नाही. तुमच्या आज्जाच्या बहिणीचं, आत्याचं, आक्काचं, तुमचं, विजयमालाचं. एकच. पुरुषाला जखम झाली तर त्रास होतो, बाईला बाळंतपण असतं, म्हणून तिचा जीव जातो. बस.”

“म्हंजे अंगठा?”

“आक्कानं धरला नव्हता. तुमचं रक्त आणि तिचं रक्त एकसारखं होतं, म्हणून थांबत नव्हतं.”

ते अंगठ्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता हसतील, हात जोडतील.

“म्हंजे ती नुसतीच मेली,” ते म्हणाले.

“हो.”

“अळवंतीण बिळवंतीण काय न्हाई?”

“काही नाही.”

“आई गुऱ्हाळावर जायाची, बाई. आक्कानंच मला वाढवलं. कडंवर घिऊन हिंडायची. मी झोपलो की उंबऱ्यात बसून दळणाचं निवडायची, मला जाग आली की दिसावी म्हणून.” त्यांनी अंगठा मुठीत धरला. “खिळा ठोकला त्या रातीपास्नं दार वाजायचं. आई कानावर हात ठिवायची. म्हणायची, उठू नगंस, ती न्हवं ती. मी वाकळंत तोंड घालून पडायचो. अंगठा ठणकायचा, दार वाजायचं. मी मनात म्हणायचो, जा गं आक्का, जा.”

“वारा असेल. वासरू असेल.”

“असंल की.” ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते असतं तर मला बरं वाटलं असतं. “पर जर ती नुसतीच माझी आक्का हुती, तर मी भाईर कुणाला ठिवलं, बाई?”

मी रिपोर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. भूत उतरवायला गेले होते. त्या पारावर बसून मी त्या माणसाच्या बहिणीला दुसऱ्यांदा मारलं, असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

पुढच्या वर्षी तातोबांचा निरोप आला. विजयमाला आईच्या तेराव्यानंतर माहेरी गेली नव्हती, आता पोरीला घेऊन येणार होती. तुम्ही आलंच पाहिजे. मी एस.टी.नं आंबेमाळला उतरले. उसाची तोड संपत आली होती, गावभर गुळाचा वास होता.

अंगणात सगळे जमले होते. विजयमाला चांगली भरली होती. पोरगी तिच्या खांद्यावरून मला जीभ दाखवत होती. पोरीच्या कानांना दोऱ्यानं बांधलेले मणी होते. “टोचले न्हाईत, बाई,” विजयमाला म्हणाली, “तुम्हास्नी इचारल्याबिगर सुई लावायची न्हाई, असं सासूबाईंनी ठरवलंय.” आनसाबाई भाकरतुकडा ओवाळायला हातात घेऊन तयार होती आणि उशीर होतो म्हणून कुरकुरतही होती.

मी आधी उंबरा बघितला. जाड सागवानी उंबरा, मधोमध झिजलेला. त्यात तीन भोकं होती, कडा फाटलेल्या, आत ताजं पिवळं लाकूड. शेजारी एक पकड आणि हातोडा पडला होता.

“सकाळपास्नं मीच काढले,” तातोबा म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांना जाड फडकी गुंडाळलेली होती. “दोन निघाले पटदिशी. आक्काचा निघंना. गंजून लाकडात रुतून बसला हुता.”

“भोकं बुजवायची ना?” भैरूनं विचारलं. “लाख भरून देतो.”

“असू दे.”

आनसाबाईनं सुनेवरून आणि नातीवरून भाकरतुकडा ओवाळला, अंगणापलीकडे टाकला, पायांवर पाणी घातलं. विजयमालानं पदर सावरला आणि उजवा पाय उचलला. मी तिच्या मागोमाग, अगदी उंबऱ्यासमोर उभी होते.

तातोबांनी हात आडवा केला.

“जरा थांबा,” ते म्हणाले. “आधी आक्काला आत जाऊ दे.”

विजयमालानं उचललेला पाय खाली ठेवला. तिची पोरगी खांद्यावर होती, तोंड आमच्याकडे. ती आमच्या मागं, मोकळ्या अंगणात कुठंतरी बघत होती. मग तिची नजर हळूहळू पुढं येऊ लागली.

मी भुतंखेतं मानत नाही. हे मी तेव्हाही ठामपणे सांगत असे आणि आता, सुई धरायला बोटांत बळ उरलं नाही तेव्हाही सांगते. पण मी वाटेत उभी होते, म्हणून साडी गोळा करून बाजूला झाले.